मार्कांच्या जागी प्रश्नचिन्ह

पहिलं वर्ष संपताना डिझाइन कॉलेजात आमच्याकडून एक पान लिहून घेतलं होतं. विषय होता, ‘या वर्षात माझ्यात काय बदल झाला’. मी लिहिलं की माझी नजर तयार झाली, हात सुटला, चुकांची भीती गेली. प्रिन्सिपल मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते बोर्डावर लावलं. त्या पानातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी सगळं मिळून ते पान धादांत खोटं होतं, कारण त्यात सर नव्हते.

मी मुळात संशयी नव्हते, हे आधी सांगते. आम्ही सुरतेतल्या डिंडोलीची माणसं, दिवसभर दार उघडं टाकून राहणारी. शेजारीण विचारल्याशिवाय आत येते आणि मिठाचा डबा घेऊन जाते, आणि आपण भात ढवळत बसतो. संशय घ्यायला मला सरांनी शिकवलं. तो विषय मी इतका मन लावून शिकले की पहिला प्रयोग त्यांच्यावरच केला.

सर पहिल्या वर्षाला चित्रकला शिकवायचे. साठी उलटून गेलेली, जन्म सुरतेतला. एका साडी-छपाईच्या मिलमध्ये चाळीस वर्षं डिझाइन मास्टर होते, तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. खांद्यावर कापडी पिशवी, खिशात चार पेनं आणि चारही पेनांच्या टोपणांना दोरा बांधलेला. टोपण कुणी नेऊ नये म्हणून. टोपण नेऊन माणूस काय करणार, हे एकदा एका पोरीने विचारलं. सर म्हणाले, “ये तो मेरे को भी जानना है.”

वर्गात शिरलं की पहिलं काम म्हणजे बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यांचे मोबाइल. डबा त्यांच्या टेबलावर आणि झाकणावर त्यांचा हात. चित्र दाखवायला नेलं की आधी ते कागद उजेडाकडे धरायचे, मग पालथा करून मागच्या बाजूवरून अंगठा फिरवायचे. कुणी ट्रेस केलं असेल तर पेन्सिलचा दाब मागे हाताला लागतो. मग कागद चक्क हुंगायचे, कारण त्यांच्या काळी कागदाला रॉकेल चोळून आरपार करायचे आणि खालचं डिझाइन गिरवायचे. आता सुरतेत रॉकेल मिळायचीही मारामार, पण सरांचं नाक ड्यूटीवर होतं. एवढं झालं की तो प्रश्न यायचा.

“आ कोनुं छे?”

हे कुणाचं आहे? “माझं” असं उत्तर दिलं की ते मान हलवायचे, पण होकारार्थी नाही. “सूरतमां तो पडछायानी पण कॉपी थाय,” म्हणायचे. सुरतेत सावलीचीही नक्कल होते. यात अतिशयोक्ती थोडीच होती. रिंगरोडच्या मार्केटात सकाळी जी साडी काचेत लागते ती संध्याकाळी चार गल्ल्या पलीकडे स्वस्तात मिळते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

चहा ते कुणाच्या हातचा घ्यायचे नाहीत. पाण्याची बाटली स्वतःची. दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. आमची सगळी चित्रं मागच्या लोखंडी कपाटात जायची आणि त्या कपाटाला दोन कुलुपं होती. एक कॉलेजचं, दुसरं सरांनी घरून आणलेलं. वर्ग सुटला की ते कचऱ्याच्या डब्यात हात घालायचे, आम्ही फाडून टाकलेले कागद बाहेर काढायचे, आणखी बारीक फाडायचे आणि पिशवीत भरून घरी न्यायचे. आम्ही पोरी जिन्यात थांबून हसायचो. मग एक दिवस माझं हसू थांबलं. मनात आलं, फेकलेले कागद हा माणूस घरी कशाला नेतो?

माझं आणि त्यांचं वाजलं ते थंडीत. काम होतं, घरातल्या एका वस्तूपासून साडीचं डिझाइन करायचं. मी वांग्याची टोपी घेतली. खानदेशातून आमच्याकडे भरताची वांगी येतात ना, हिरवी, थोराड, त्यांच्या देठाशी काटेरी पाच पाकळ्यांची टोपी असते. मम्मी ती कापून टाकते. मी ती ताटलीत ठेवून आठ दिवस काढत होते, वरून, बाजूने, सुकलेली, अर्धी वळलेली. त्यातून एक फूल तयार झालं. वांगं कुणाला ओळखू आलं नसतं. एका फुलाच्या पाकळीवर माझा कुंचला घसरला आणि टोकाला स्वल्पविरामासारखा एक ठिपका लोंबला. तो खोडायला गेले असते तर कागद खराब झाला असता, म्हणून राहू दिला.

सरांनी कागद उजेडाकडे धरला, पालथा केला, हुंगला. मग खूप वेळ नुसते बघत राहिले.

“आ कोनुं छे?”

“माझं, सर.”

“मोबाइल पर देखा?”

“नाही सर. वांग्यावरून काढलंय.”

“वांगा!” त्यांनी सगळ्या वर्गाकडे बघून म्हटलं. मग मला तिथेच, त्यांच्या समोर बसवून पुन्हा काढायला लावलं. मी रागाने काढलं आणि रागात ते जास्त बरं आलं. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. दोन्ही कागद त्यांनी कपाटात टाकले, आणि आमची मार्कांची यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे आकडा नव्हता, लाल शाईचं प्रश्नचिन्ह होतं.

त्या प्रश्नचिन्हाने माझी झोप उडवली. या विषयात पास झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षाला बसता येत नव्हतं, आणि पप्पांनी मला एकच वर्ष दिलं होतं. पप्पा एका छपाईच्या मिलमध्ये कलर किचनला, म्हणजे रंग कालवायच्या खात्यात. काका लोक म्हणत होते, पोरीला कंपनीत लावा, नाहीतर लग्नाचं बघा. पप्पांनी सगळ्यांपुढे सांगितलं होतं, “एक वरीस दखू. जमनं तं शिकाडसू.” एक वर्ष बघू, जमलं तर शिकवू. आणि मी घरी प्रश्नचिन्ह घेऊन आले होते.

मी हट्टाला पेटले. सरांना म्हटलं, विश्वास नसेल तर घरी या आणि वांगं बघा. मला वाटलं, म्हातारा गप्प बसेल. रविवारी दुपारी पिशवी खांद्याला लावून सर आमच्या गल्लीत हजर! पिशवीत माझे दोन्ही कागद.

आमच्या खोलीत बसायला जागा करायची म्हणजे आधी साड्या उचलाव्या लागतात. मम्मी ठेकेदाराकडून साड्यांचे गठ्ठे आणते आणि त्यांच्या फुलांवर चकचकीत खडे चिकटवते. तिने गठ्ठा खाटेखाली सारला. सर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले. मम्मीने चहा ठेवला, त्यांनी हात जोडले. मग टोपलीतलं एक वांगं उचललं, खिशातून भिंग काढलं आणि हिऱ्याची पारख करावी तसं त्या टोपीकडे बघत बसले. माझा कागद शेजारी धरला. पप्पा श्वास रोखून उभे. त्यांनी हळूच मोबाइल काढला तर सर मान वर न करता म्हणाले, “फोटो नहीं.” पप्पांनी मोबाइल खिशात टाकला.

मम्मीने भरीत-भाकरी वाढली. चहा नाकारणारा माणूस भरिताला नाही म्हणू शकला नाही. लसणीचा वास आला की भले भले शरण येतात. जेवले, बाहेरच्या नळावर हात धुऊन आले, कागद पिशवीत घातले. मी विचारलं, “मग सर, प्रश्नचिन्ह?”

“जोईशुं,” म्हणाले. बघू. आणि गेले.

मी चिडून रडले. पप्पा मात्र हवेत होते. “कालेजना सर आपला घर उना, माय! कितला मोठा मानूस. तुना हातमा काहीतरी शे.” सर घरी आले म्हणजे पोरीच्या हातात काहीतरी आहे, हेच ते आठवडाभर गल्लीत सांगत होते.

फेब्रुवारीत, लग्नसराईच्या तोंडावर, मम्मीकडे नवा गठ्ठा आला. संध्याकाळी मी मदतीला बसले. गोंदाच्या नळीचं टोक फुलाच्या मध्यावर टेकवायचं, खडा ठेवायचा, दाबायचा. तीन-चार फुलं झाली आणि माझा हात थांबला. पाच काटेरी पाकळ्या. एक पाकळी अर्धी वळलेली. मी साडी खाली सरकवली. वीतभर अंतरावर तेच फूल, आणि पाकळीच्या टोकाला लोंबणारा ठिपका. पुढच्या वीतभरावर पुन्हा ठिपका. साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी चूक छापलेली होती, आणि मी तिच्यावर खडे चिकटवत होते.

विचार करायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही. कागद कुणाकडे होते? सरांकडे. दोन कुलुपं कशासाठी? कचरा घरी कशासाठी? प्रश्नचिन्ह कशासाठी, तर मी आवाज करू नये म्हणून. मार्केटात ओळखी कुणाच्या? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, जगाला चोर म्हणणारा स्वतःच चोर. सगळं इतकं चपखल बसत होतं की मला रागापेक्षा आनंदच जास्त झाला. खोटं कशाला बोलू? सहा महिने त्यांनी मला हुंगलं होतं. आता माझी पाळी होती.

दुसऱ्या दिवशी मम्मीला न सांगता ती साडी दप्तरात घातली आणि थेट प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर पसरली. मॅडमनी सरांना बोलावलं. सगळे कपाटापाशी गेलो. सरांनी दोन्ही कुलुपं स्वतः उघडली. माझे दोन्ही कागद प्लास्टिकमध्ये नीट होते. पहिल्या कागदावरच्या ठिपक्याभोवती पेन्सिलने बारीक गोल केलेला होता. आणि त्या कागदाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, याच छपाईची आणखी एक साडी होती.

मॅडमनी एक हात कपाळाला लावला. मी सरांकडे बघितलं. मला वाटलं ते ओरडतील, निदान घाम तरी फुटेल. त्यांनी शांतपणे मला विचारलं, “कोणाला दाखवलं होतं?”

“कोणालाच नाही.”

“घरमां?”

“माझ्या घरचे असं करणार नाहीत.”

“मार्केटमां जोई, एटले खरीदी,” ते मॅडमना म्हणाले. मार्केटात दिसली म्हणून विकत घेतली, चोर शोधायला. मॅडमना ते पटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही. सरांना सांगण्यात आलं की चौकशी होईपर्यंत वर्ग घेऊ नका.

घरी आले तर मम्मी हवालदिल. गठ्ठ्यातली एक साडी कमी भरत होती. मी दप्तरातून साडी काढली. पप्पा नुकतेच पाळीवरून आलेले, नखांत अजून निळा रंग. साडी बघून त्यांचं तोंड उजळलं.

“वळखं का माय?” ते म्हणाले. ओळखलंस का?

माझ्या हातातली साडी त्यांनी उलगडली.

“कवयपाइन वाट दखी ऱ्हायनू, पोरगी कधी वळखस!” कधीची वाट बघत होते म्हणे. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, हसत, मध्येच मम्मीच्या खांद्यावर थाप मारत. सर नळावर हात धुवायला गेले होते ना, तेवढ्यात त्यांनी फोटो घेतला होता. कागद मीच धरला होता, दोन्ही हातांनी, नीट उजेडात. ते खरं होतं. मी धरला होता आणि विसरूनही गेले होते, कारण घरच्या माणसाने घेतलेला फोटो कोण लक्षात ठेवतं? तो फोटो त्यांनी मिलच्या डिझाइन मास्टरला दाखवला, पोरीला खरंच काही येतं का हे विचारायला. मास्टर म्हणाला, भारी आहे, माझ्या मोबाइलवर टाक. पप्पांनी टाकला. छपाईला आलं तेव्हा त्या फुलाचा रंग त्यांनी स्वतः कालवला. आणि ठेकेदाराच्या हातापाया पडून तो गठ्ठा आपल्याच घरी येईल असं बघितलं, माझी गंमत करायला.

“मास्टरनी नाव नही टाकं तुनं,” पप्पा म्हणाले. “जाऊ दे. सगळी सुरत नेसी ना तुनं फूल!”

मला ओरडायचं होतं. पण त्यांच्या तोंडावरचा तो आनंद! पंचवीस वर्षं दुसऱ्यांची फुलं रंगवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा आपल्या घरचं फूल रंगवलं होतं. मी म्हटलं, “हो पप्पा, ओळखलं.” कॉलेजातलं काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर वस्तू न्यायला आले होते. रिकाम्या वर्गात पिशवी भरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला असेल असं वाटतं का? फोटो क्यारे पाड्यो, म्हणजे कधी काढला, कोणत्या हातात मोबाइल होता, मास्टरचं नाव काय, तीन-तीनदा विचारलं. शेवटी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “एक मिनिट पीठ फिराई मैंने. एक मिनिट!”

“सर, मी मॅडमना आत्ता जाऊन सांगते.”

“काय सांगणार?” ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. मिलमध्ये आमच्याकडच्याच माणसांबरोबर जन्म गेला होता त्यांचा. “मॅडम मिलमध्ये फोन करणार. सेठ मास्टरला विचारणार. मास्टर बोलणार, कलरवाल्याने आणून दिला, मला काय माहीत. मग कोण जाणार?”

मला माहीत होतं कोण जाणार.

“मास्टर कधी जात नाही,” सर म्हणाले. “मी चाळीस वर्षं मास्टर होतो. मी कधी गेलो नाही.”

ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा मी विचारूनच टाकलं, “म्हणजे तुम्हीपण, सर?”

त्यांनी टेबलाच्या खणातून मार्कांची यादी काढली, माझ्या नावापुढचं प्रश्नचिन्ह ब्लेडने खरवडलं आणि अठ्ठ्याहत्तर लिहिले. “वांगा छे,” म्हणाले. “में जोयुं छे.” वांगंच आहे, मी बघितलंय. मग ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. मॅडम मला नंतर एवढंच म्हणाल्या, सरांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आहे, आता विषय वाढवू नकोस.

मी वाढवला नाही. माझे अठ्ठ्याहत्तर मार्क होते, पप्पांची नोकरी होती, दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून मी अजूनही त्या माणसात खोट शोधत असते. खरंच दुसऱ्या कुणाचे कागद विकले असतील का? नाहीतर इतक्या सहज कोण मान्य करतं? त्यांना तशीही नोकरी सोडायची असेल का? कचऱ्यातल्या त्या कागदांचं घरी काय करत असतील? आता मी स्वतः मार्केटात एका स्टुडिओत डिझाइन करते, नवं पोरगं काम दाखवायला आलं की त्याचा कागद पालथा करते. पण सरांच्या चांगुलपणाची मागची बाजू मला अजून सापडलेली नाही, आणि सापडावी असं मला मनातून फार वाटतं. सापडली की मी सुटेन.

मे महिन्यात गल्लीत बातमी पोचली. कॉलेजात शिपाई असलेला कुणीतरी शेजारच्या नवागामात राहायचा, त्याच्याकडून पप्पांच्या कानावर गेली. रात्री जेवताना पप्पा म्हणाले, “तुना त्या सरले काढी टाकं म्हने. पोरेसना कागद इके म्हने मार्केटमा.” पोरांचे कागद विकायचे म्हणून.

मम्मी तव्यापाशी थांबली. “आपल्याकडे जेवून गेले ते?”

“तोच. भरीत खाई गया.” पप्पा माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. “चोर व्हता का माय तो?”

मी ताटाकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग चोर कोण.

“हो,” मी म्हटलं.

पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “बरं व्हयनं माय,” ते म्हणाले. “तुनं फूल तरी त्याना हात नही लागनं.”